जुन्नर ते डिंभे : तिघांची पहिली सुट्टी

सकाळी सहाच्या सुमारास भोसरीच्या चौकात जुन्नरची एसटी आली आणि आम्हाला मागच्या बाजूला तिघांची सीट मिळाली. ईश्वरी खिडकीत बसली, मध्ये दिलीप आणि कडेला मी. कंडक्टरनं बायकांचं अर्धं आणि मुलीचं अर्धं तिकीट धरलं. "म्हणजे तीन माणसं दोन तिकिटांत," दिलीप खुशीत म्हणाला. ईश्वरी खिडकीबाहेर बघत राहिली.

मे महिना होता. ईश्वरीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी घसरगुंड्यांच्या मोठ्या वॉटर पार्कला जाऊन आल्या होत्या. तिनं स्वतः तसं काही मागितलं नव्हतं. ती काहीच मागत नसे, निदान माझ्याकडे तरी. दिलीपची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. आमचं लग्न गेल्या डिसेंबरात झालं. मी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करते, दिलीप चाकणला एका कंपनीत मशिनवर असतो आणि ईश्वरी अकरा वर्षांची आहे. ती मला 'तुम्ही' म्हणायची, तेही क्वचित. बहुतेक वेळा वाक्यंच अशी जुळवायची की मला हाक मारायची वेळ येऊ नये. भाजीत मीठ कमी आहे, हे ती भाजीकडे बघून सांगायची.

दिलीपनं लहानपणी शाळेच्या सहलीत जुन्नर बघितलं होतं. "तीन दिवस एसटीनं फिरू, लेण्याद्रीच्या भक्तनिवासात राहू, डबे घरून नेऊ," तो म्हणाला. घर बदलल्यामुळे हात जरा आखडलेलाच होता, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. घरात प्रत्येकाला आपापलं काम असतं, आडोसा असतो. प्रवासात तिघांनी तीन दिवस एकमेकांसमोर काढायचे होते.

मंचर, नारायणगाव मागे पडलं. रस्त्याच्या कडेला टोमॅटोचे क्रेट रचलेले होते आणि द्राक्षाच्या मांडवांवर नुसती पानं होती. जुन्नरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिथून वडापनं (माणसं दाटीनं भरणारी जीप) लेण्याद्रीला पोचलो. सामान भक्तनिवासात टाकलं आणि डब्यांची पिशवी घेऊन पायऱ्यांना लागलो.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना धाप लागते, पण दर वळणावर समोरचं खोरं आणखी उघडत जातं. पलीकडे शिवनेरीचा माथा उन्हात तापत होता. वर डोंगराच्या कातळात एकापुढे एक बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्याच एका लेण्यात गिरिजात्मज गणपती बसलेला आहे. आत एवढा मोठा सभामंडप, पण मध्ये आधाराला एकही खांब नाही. बाहेरच्या झळांमधून आत पाऊल टाकलं की थंडगार फरशी पायाला लागते. आम्ही तिघंही बराच वेळ भिंतीला टेकून नुसते बसून राहिलो. ईश्वरीनं तळवे फरशीवर टेकवले आणि डोळे मिटले.

घोटाळा उतरताना झाला. एका झाडाच्या सावलीत डबा खायचा म्हणून मी पिशवी खाली ठेवली, आणि पदरानं तोंड पुसेपर्यंत एक थोराड माकड ती घेऊन कठड्यावर! पहाटे उठून केलेली धपाटी, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, सगळं त्यात. माकडानं डब्याचं झाकण अगदी सराईतपणे उघडलं, एक धपाटं उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे खायला बसलं. मग त्यानं चटणीत बोट घातलं, ते चाटलं आणि असं काही तोंड वेडंवाकडं केलं की ईश्वरी खळखळून हसली. तिला हसताना मी ऐकलं होतं, पण दाराआडून, मैत्रिणींबरोबर. माझ्याकडे लक्ष जाताच ती थांबली.

"हस की," मी म्हटलं. "चटणी तिखट झालीये हे मला कळलं तरी."

पायथ्याशी एका आजीबाईंकडे तिखट-मीठ लावलेल्या काकड्या आणि थंड ताक मिळालं. "माकडानं डबा नेला व्हय?" त्या म्हणाल्या. "रोजचंच हाय. त्येंनाबी घरचं लई आवडतं." दुपारचं जेवण त्यावरच झालं आणि कुणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्नरहून घाटघरची बस धरली. माणिकडोह धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला असतं. मग चावंड किल्ला जातो आणि रस्ता सह्याद्रीच्या कडेकडेनं पुढे सरकतो. घाटघर हे जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. तिथून नाणेघाटापर्यंत आम्ही चालत निघालो. वाटेत करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडलेल्या होत्या.

"कोंबडा का कोंबडी?" दिलीपनं एक करवंद मुठीत धरून विचारलं. हा खेळ ईश्वरीला माहीत नव्हता. करवंद फोडलं आणि आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं, मग फोडायचं, चुकलं तर फळ दुसऱ्याला द्यायचं. पाच मिनिटांत ती खेळात पुरती रंगली. चिकानं बोटं चिकटली, ओठ जांभळे झाले. दिलीप सारखा हरत होता.

"बाबा, यांना विचार ना, कोंबडा का कोंबडी," ती म्हणाली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते.

"कोंबडा," मी दिलीपकडे बघून सांगितलं. करवंद लाल निघालं. तिनं ते दिलीपच्या हातात दिलं आणि दिलीपनं माझ्या.

नाणेघाटात दगडाचा मोठा रांजण आहे. जुन्या काळी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन नाणी त्यात टाकत, असं सांगतात. खाली गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. घाटाच्या खिंडीतून कोकणाकडचा वारा वर येत होता. कड्यापासून मागे सरून आम्ही बसलो तेव्हा खालचं कोकण दुपारच्या धुरकट उजेडात पसरलेलं दिसत होतं. इतकं सगळं फुकट बघायला मिळतं, आणि लग्न झाल्यापासून आपण कुठे बाहेरच पडलो नव्हतो, असं मनात आलं.

जेवण गावातल्या हौसाकाकूंकडे सांगून ठेवलं होतं. सारवलेल्या पडवीत पंगत मांडली. तांदळाची भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि मासवडी (बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण भरून केलेली वडी, आकार माशाचा, मासा मात्र नाही). ईश्वरीनं आधी वडी बोटानं दाबून काटे नाहीत ना ते पाहिलं, मग सलग तीन खाल्ल्या. काकू तिच्यावर खूश झाल्या.

"नाकडोळं बापाचं घेतल्याती पोरीनं," त्या म्हणाल्या. "आईचं काय घेतलं गं?"

"माझी आई नाहीये. वारली," ईश्वरी म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग ह्या?"

"ह्या आमच्या घरी राहतात."

"इशू!" दिलीपचा आवाज चढला. माझा घास तोंडातच राहिला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. विचारलं त्याचं तिनं उत्तर दिलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"आवं, तिच्यावर कशापायी वरडताय?" काकू म्हणाल्या. "खरं तेच बोलली की. मी लगीन करून आले तवा सासूला दोन वरीस काय म्हनायचं त्येच सुचत न्हवतं. नुसती समोर जाऊन हुबी ऱ्हायची." त्यांनी माझ्या ताटात न विचारता आणखी रस्सा वाढला. "जेवा बाई तुमी. गार व्हतंय."

मी जेवले. रस्सा झणझणीत होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी भक्तनिवासाच्या बाहेरच्या कट्ट्यावर दिलीप म्हणाला, "उद्या सरळ घरी जाऊ या का? डिंभे राहू दे."

"मला वाईट वाटलं," मी सांगितलं. "पण म्हणून पळून नाही जायचं. ती इथं हसलीये, दिलीप."

एवढ्यात ईश्वरी दारात आली. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. "बाबा, तू उद्या पाण्याजवळ नेणार होतास," ती म्हणाली. मग आमचं जायचं पक्कं झालं.

तिसऱ्या दिवशी घोडेगावला बस बदलून डिंभ्याला उतरलो. घोड नदीवरचं हे धरण. मे महिन्यात पाणी बरंच आत गेलेलं होतं आणि उघड्या पडलेल्या काठावर कुठे कुठे गाळपेर (ओसरलेल्या पाण्याखालच्या गाळात केलेली शेती) हिरवी दिसत होती. एक कोळीण झाडाखाली बसून जाळं नीट करत होती. दिलीपनं तिला परतीची बस विचारली. "तीनला येती म्हनत्यात," ती म्हणाली. "येती तवा येती. अंधाराच्या आत निघा पर. उसात बिबट्या ऱ्हातोय."

बसची खात्री करायला दिलीप वर रस्त्याकडे गेला. आम्ही दोघी खडकाळ काठावर उरलो. मी एक चपटा दगड उचलला आणि पाण्यावर तिरका फेकला. माझं बालपण नीरा नदीच्या काठी गेलं आहे. दगड पाण्याला टेकत, उडत चांगला सहा भाकऱ्या काढून बुडाला.

ईश्वरी बघत राहिली. तिनं एक दगड फेकला, तो डुबुक करून गेला. दुसराही गेला.

"मनगट वळव," मी म्हटलं. "दगड चपटा हवा. आणि खाली वाकून टाक."

पुढच्या दगडानं एक भाकरी काढली. मग दोन. आता ती चांगले दगड शोधत काठानं पुढे पुढे जाऊ लागली. मी खाली बघून माझ्यासाठी दगड निवडत होते. मान वर केली तेव्हा ती खडक सोडून वाळलेल्या, भेगा पडलेल्या मातीवर गेली होती.

"ईश्वरी, मागे ये!" मी ओरडले आणि त्याच वेळी तिचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला तिनं दुसरा पाय रोवला, तर तोही गेला. वरची खपली फुटून खालून काळा गाळ वर आला. ती धडपडली तशी मांडीपर्यंत रुतली.

तिनं वर रस्त्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "अगं, हात दे ना! अगं, मी आत चाललेय!"

काय करायचं ते मला ठाऊक होतं. नदीकाठी रुतलेली माणसं आणि म्हशी मी पाहिल्या होत्या. उभ्यानं गेले असते तर मीही अडकले असते. साडीसकट मी गाळावर पालथी झोपले आणि कोपरांवर सरकत गेले.

"हलू नकोस. मागे रेल, खुर्चीत बसल्यासारखी. हां, तशीच. माझं मनगट धर."

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. एक पाय हळूहळू मोकळा झाला. दुसरा सुटेना. "चप्पल अडकलीये," ती रडत म्हणाली. "जाऊ दे चप्पल. पायाची बोटं सैल सोड, पाय लांब कर." मग एकदम काहीतरी सुटलं आणि ती माझ्यावर येऊन पडली. आम्ही दोघी तशाच आडव्या, खडकापर्यंत मागे सरकत आलो.

कोळीण जाळ्याचा दोर घेऊन धावत पोचली होती. "वरनं वाळल्याला दिसतो गं बाय, आत नुसती खीर असती," ती म्हणाली. तिनं बादलीभर पाणी आमच्यावर ओतलं, मग आणखी एक.  मी ईश्वरीला जवळ घेतलं की तीच येऊन बिलगली, ते आठवत नाही. बराच वेळ तिनं माझा पदर सोडला नाही.

दिलीप परत आला तेव्हा दोन बादल्या ओतूनही आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत काळ्याच होतो. त्याला आधी हसू आलं. मग काय झालं ते कळलं आणि तो ईश्वरीचे पाय चाचपून बघू लागला.

तीनची बस आली नाही, चारचीही नाही. घाबरण्यासारखं जे काही होतं ते होऊन गेलं होतं, त्यामुळे आता आम्ही झाडाखाली बसून गावं-फुलं-फळांच्या भेंड्या खेळलो. 'ळ'वरून काहीच सुरू होत नाही, यावर ईश्वरीनं दिलीपशी कडाडून भांडण केलं. ऊन उतरता उतरता मंचरला कांदा नेणारा एक पिकअप थांबला. "बसा, पावणं. गाडी खराब व्हईल म्हनून लाजू नगा, कांद्यानं ती आदीच खराब हाय," ड्रायव्हर म्हणाला. दिलीप मागे गोण्यांवर बसला, आम्ही दोघी पुढे. ईश्वरी अनवाणी पाय सीटवर घेऊन बसली आणि नीरेच्या काठी मी आणखी काय काय करायचे, ते मंचर येईपर्यंत एकेक विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिलीप पहिल्या पाळीला गेला. मी मोरीत साडी तिसऱ्यांदा खळबळत होते, तरी पाणी काळंच येत होतं. आता ती साडी नेसण्यासारखी राहिलेली नाही. माकडानं नेलेला डबा, गाळातली चप्पल आणि ही साडी, सहलीत आमचं तेवढंच नुकसान झालं. डिंभ्याच्या काठावर मान वर केली तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. लेकराला घेऊन तिकडे जाणाऱ्यानं खडक सोडू नये, हे मी सगळ्यांना सांगते. तरीही ते तीन दिवस कुणी परत घेतो म्हटलं तर मी द्यायची नाही.

बाहेरच्या खोलीत ईश्वरी वॉटर पार्कवाल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"गळ्यापर्यंत गेले होते मी! शप्पथ!" ती सांगत होती. "बाबा नव्हताच तिथं. मग तिनं काय केलं माहितीये? साडीसकट आडवी झाली चिखलात. आणि ओढलं मला. तुला सांगते, ती घाबरलीच नाही."

मी घाबरले होते. ते सांगायला मी मोरीतून बाहेर गेले नाही. साडी पिळायची थांबले आणि ऐकत उभी राहिले.