सगुणाबाईंची पिक्चर ट्यूब

भोकरदनच्या बसस्टँडमागच्या गल्लीत भागवतचं दुकान आहे. पाटीवर मोबाईल, मिक्सर, पंखे, एलईडी असं सगळं लिहिलेलं असलं, तरी लोक त्याला ओळखतात ते जुन्या रंगीत टीव्हीसाठी. मागच्या बाजूनं ढेरी सुटलेले, लाकडी पेटीतले, उचलायला दोन माणसं लागणारे ते सेट आता कुणी वापरत नाही. पण एखाद्याला बापाची आठवण म्हणून हवा असतो, तर एखाद्याला नव्या हॉटेलात शोभेला ठेवायचा असतो, आणि शोभेचा का होईना, तो चालू हवा असतो. मग कुणीतरी सांगतं, भोकरदनच्या भागवतकडं ने. बंद पडलेला सेट पुढ्यात आला की भागवतला जेवण सुचत नाही. सुरेखा, त्याची बायको, म्हणायची, “घरात मी आजारी पडले तर तुम्हाला दोन दिसांनी कळंल. टीव्ही आजारी पडला की लगेच कळतं.”

मागच्या उन्हाळ्यात जालन्याहून संतोषबाईंचा फोन आला. त्यांचे यजमान नथमलशेठ कापडाचे जुने व्यापारी. आता वय झालं होतं आणि आठवण पार विस्कटली होती. मुलांनी भिंतीवर मोठा पातळ टीव्ही लावलेला, पण शेठ त्याच्याकडं बघायला तयार नव्हते. संध्याकाळ झाली की घरभर फिरायचे आणि विचारायचे, “आपला टीव्ही कुठं गेला? कोणी नेला?” संतोषबाईंनी माळ्यावरचा जुना सेट खाली काढून पुसून पाठवला. म्हणाल्या, “भागवतभाऊ, कसा बी चालू करून द्या. रोज तेच विचारतात हो. ऐकवत नाही.”

भागवतनं सेट उघडला. कंडेन्सर बदलले, सुटलेले सोल्डरचे डाग पुन्हा दिले, सप्लाय बराबर केला. आवाज आला, पण चित्र येईना. पडद्यावर धुक्यात माणसं चालावीत तशा नुसत्या सावल्या. पिक्चर ट्यूबच संपली होती. बाकी सगळं माणसाच्या हातानं दुरुस्त होतं. काचेची ट्यूब म्हातारी झाली की तिला दुसरा उपाय नाही, दुसरी ट्यूब लागते, आणि तसल्या ट्यूब बनायच्या बंद होऊन जमाना झाला. त्यानं संभाजीनगरपर्यंत फोन केले. सगळीकडून एकच उत्तर: भंगारात गेल्या.

आणि त्याच्या पाठीमागच्या फळीवरच्या एका सेटमध्ये अगदी तशीच ट्यूब होती.

तो सेट पिंपळगाव रेणुकाईच्या सगुणाबाईंचा. त्यांचे मालक भुजंगराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. टीव्ही त्यांनी हौसेनं घेतलेला. ट्यूब झकास, नुसता आतला बोर्ड जळालेला. भागवतनं तो पार्ट शोधतो म्हणून ठेवून घेतला आणि शोधायचं राहून गेलं. मधल्या काळात सगुणाबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यांचं येणं बंद झालं. एकदा त्यांचा मुलगा तातेराव बाजारात भेटला, तेव्हा भागवतनं सेटचं विचारलं. तातेराव गाडीला किक मारता मारता बोलला, “ते डबडं? टाका भंगारात. घरात एलईडी हाय आता.”

एवढं वाक्य भागवतला पुरलं. खरं तर पुरलं नव्हतं. सेट सोडून जाताना सगुणाबाईंनी त्याच्यावरून पदर फिरवला होता, ते त्यानं पाहिलं होतं. तरी संभाजीनगरहून नकार आला त्या दुपारी शटर अर्धं ओढून घेऊन त्यानं त्यांची ट्यूब काढली. हात चलाख चालले. आपण काय करून राह्यलो हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते इतके चलाख चालले.

जालन्याला सेट बसवला तेव्हा चित्र असं आलं, की संतोषबाईंनी तोंडाला पदर लावला. नथमलशेठ हळूहळू जवळ आले. त्यांनी बटण दाबून पाहिलं, पडद्यावर तळहात फिरवला, हातावरचे केस उभे राहिले तसे हसले. मग पेटीच्या गरम पाठीवर हात ठेवून, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा, बातम्या ऐकत उभेच राहिले. “आला का परत,” एवढंच म्हणाले. संतोषबाईंनी भागवतला आग्रह करकरून जेवू घातलं.

श्रावणात सगुणाबाई दुकानात आल्या. हातात काठी, सोबत कुणी नाही.

“भागवत, माझा टीव्ही झाला का रे?”

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. “मावशी, तुम्ही? तातेराव म्हणला, घरात नवीन आलाय...”

“त्यो त्यांच्या खोलीत हाय. मला माझ्या खोलीत पायजे.”

खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. “मावशी, काय सांगू, ट्यूब फुटली. उचलताना हातातून सटकली.”

सगुणाबाईंनी काठी टेबलाला टेकवली आणि पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले. उलटेपालटे करून बघितले. “तुला तर काही लागलं न्हाई ना? काच हाय ती बाबा. डोळ्यात गेली असती म्हंजे? लेकराबाळाचा धनी तू.” मग एक उसासा सोडला. “जाऊ दे. आमचं माणूस गेलं, तिथं टीव्हीचं काय.”

त्या गेल्यावर भागवतला आपले हात कुठं ठेवावेत कळेना. त्या दिवशी एकही काम धड झालं नाही. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं सोसलं असतं. त्यांनी हात तपासले होते. सुरेखाला सगळं सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली. “त्यांच्या पोरानं टाका म्हणलं व्हतं ना?” असं विचारून तिनंच मान हलवली. “पण तुम्ही खोटं बोललात, म्हंजे तुम्हालाच पटलेलं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तो पिंपळगावला गेला. तातेरावच्या घरात टीव्ही चालू होता. सून आणि पोरं आत पलंगावर, आणि सगुणाबाई खोलीच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसलेल्या. दाराच्या चौकटीतून अर्धाच पडदा दिसत होता. आतलं कुणी मधे आलं की त्या मान वाकडी करत. भागवत अंगणातच थबकला. ‘माझ्या खोलीत पायजे’ म्हणजे काय, ते त्याला आत्ता समजलं.

अंगणातल्या बाजेवर बसून त्यानं सगळं सांगितलं. ट्यूब फुटली नाही, मी काढली, जालन्याला एका म्हाताऱ्या माणसाच्या सेटला लावली. शेवटी चाचरत म्हणाला, “तातेराव म्हणला व्हता, टाका भंगारात...”

“टीव्ही तातेरावचा व्हता का?”

“न्हाई.”

“मंग?”

सगुणाबाई काठी घेऊन उठल्या. “कुठं हाय माझी काच? चल, दाखव मला.”

भोकरदनला गाडी बदलून दोघं जालन्याला गेले. संतोषबाईंसमोर भागवतला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. संतोषबाईंचा चेहरा उतरला. “भागवतभाऊ, दुसऱ्याची चीज आमच्या घरात लावली आणि आम्हाला सांगितलं पण नाही? काढा ती. आत्ता काढा. बाई, आम्हाला माफ करा, बिलकुल माहीत नव्हतं.”

नथमलशेठ टीव्हीपुढच्या गादीवर बसले होते. सगुणाबाईंना बघून ते सरकले आणि घरचं माणूस आल्यासारखं म्हणाले, “या, बसा. बातम्या सुरू होऊन राह्यल्या.”

सगुणाबाई बसल्या. बातम्या पूर्ण बघितल्या. पडद्यावर कपाशीचं शेत दिसलं तेव्हा थोड्या पुढं झुकल्या. शेठनी मधेच विचारलं, “दिसतंय ना बराबर?” त्या म्हणाल्या, “दिसतंय.” चहा घेतला, उठल्या, आणि संतोषबाईंना म्हणाल्या, “राहू द्या. काढू नका.”

बाहेर आल्यावर भागवत म्हणाला, “मावशी, तुमचं मन लई मोठं...”

“मोठं बिठं काही न्हाई,” त्या फटकन बोलल्या. “त्या माणसाच्या पुढ्यातून उचलून आणायला मी काय राक्षसीण हाय? पण तू मला विचारलं न्हाईस. विचारलं असतंस तर मी दिली असती का न्हाई, ते आता मला बी कळायचं न्हाई. देणं माझ्या हातात व्हतं, ते तू नेलंस.” काठी टेकत चार पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, “मला दुसरी काच आण.”

दिवाळी होऊन गेली तरी भागवत शोधतच होता. शेवटी वाटूरला राजानंद नावाच्या माणसाकडं तसा सेट सापडला. त्याचं पूर्वी व्हिडिओ सेंटर होतं. सेट गोदामात सरकीच्या पोत्यांमागं पडलेला. राजानंद म्हणाला, “घेऊन जा.” भागवत हलेना. “सेट तुमचाच हाय ना? घरात विचारलं का?” राजानंद हसला, पण भागवतनं त्याच्या बायकोला बाहेर बोलवायला लावलंच. ती म्हणाली, “न्या की भाऊ, जागा तरी रिकामी होईल,” तेव्हा कुठं त्यानं पेचाला हात लावला. गोधडीत गुंडाळलेली ट्यूब मांडीवर आणि त्याच सेटचा बोर्ड पिशवीत घेऊन तो एसटीनं परत आला. प्रत्येक खड्ड्याला ट्यूबवर ओणवा होत होता.

ट्यूब बसवायच्या दिवशी सगुणाबाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. “आता माझ्या डोळ्यादेखत उघड,” म्हणाल्या. डोळे मिटून काम करणारा भागवत एकेक पेच काढून त्यांच्यासमोर मांडत गेला. चित्र आलं, पण वरच्या कोपऱ्यात हिरवा डाग.

“माणसांची तोंडं हिरवी दिसून राह्यली,” त्या म्हणाल्या.

त्यानं चुंबकाची कॉइल फिरवली, मागच्या रिंगा सरकवल्या. डाग पातळ झाला, पण पार गेला नाही. पूर्वी तो म्हणाला असता, चालायचं, हळूहळू जाईल. या वेळी म्हणाला, “मावशी, एवढा राहणार. तुमच्या ट्यूबला हा नव्हता.”

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या खोलीत सेट मांडून, डिशची वायर जोडून झाली. तातेराव दारात उभा होता. सगुणाबाईंनी खुर्ची टीव्हीसमोर बरोबर मधोमध ओढली आणि पाय लांब करून बसल्या. भागवत थांबला होता. एखादा शब्द मिळेल असं त्याला वाटत होतं. त्या पडद्याकडंच बघत म्हणाल्या, “जा आता. गाडी चुकंल.”

अजूनही कधी आवाज गेला, कधी वायर ढिली झाली, तर त्या भागवतलाच बोलावतात. पण तो पेच काढायला लागला की खुर्ची त्याच्या हातांजवळ घेऊन बसतात, झाकण लागेपर्यंत उठत नाहीत.

फळीवरचे बाकीचे सेट मात्र त्यानं एकेक करून खाली काढले. कुणाचा कुठला, आठवून आठवून फोन करतो आहे. काही नंबर लागत नाहीत, काही लोक हसतात. परवा एका घरी पोरीनं फोन उचलला आणि सांगितलं, आजोबा गेल्या साली वारले. “मंग त्यांच्या टीव्हीचं कोणाला विचारू, बाळा?” भागवतनं विचारलं. पोरगी म्हणाली, थांबा, आईला विचारून सांगते. फोन कानाला लावून तो थांबला.