गुळव्याची कातडी

कातडीला इतकी नावं असतात हे मला सांगलीला नर्सिंग शिकायला गेल्यावर कळलं. तोवर आमच्या घरात कातडी म्हणजे एकच. ती सोलवटायची, भाजायची, थंडीत उलायची आणि खोबरेल चोळलं की काम भागायचं. शिकवणाऱ्या सिस्टर एपिडर्मिस, डर्मिस असं भराभरा म्हणत पुढे जायच्या आणि मराठी शाळेतून आलेल्या आम्ही मुली मागून धापा टाकायचो. मी वसतिगृहात बसून माझ्यापुरतं मराठी केलं. वरची ती बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा. वरचा थर तर मेलेल्या पेशींचाच असतो हे वाचून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या वयात असल्या गोष्टींनी जेवण जात नसे.

तळहाताला आणि तळपायाला एक थर जास्त असतो, हे मात्र मला भारी आवडलं. सुट्टीत रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा सगळ्यात आधी ते वडिलांना सांगितलं. आबा गुळव्या होते. उसाचा रस काहिलीत उकळताना तो नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस तो गुळव्या. बाकीचे जळण घालतात, मळी काढतात, पण शब्द गुळव्याचा. आबा बोटं पाण्यात बुडवायचे, फावड्यावरचा उकळता पाक उचलायचे आणि अंगठ्यात नि बोटात त्याची गोळी वळायचे. गोळी हवी तशी वळली की काहील उतरायची. क्षणभर उशीर झाला की गूळ करपट, घाई झाली की ढेप बसत नाही.

"मग माझ्या हाताला दोन जास्त असतील बघ," आबा म्हणाले आणि हसले.

त्या हंगामात त्यांच्या हाताची गावभर चर्चा होती. आबा आता पाण्यात बोटं न बुडवताच पाक उचलतात, हूं की चूं करत नाहीत. लोक मुद्दाम बघायला यायचे. इतकी वर्षं चुलवणापुढे काढल्यावर हात असा तयार होतो, असं गुऱ्हाळाचे मालक पाहुण्यांना सांगायचे. आईलासुद्धा त्याचं कौतुक होतं. आणि तरीही लागोपाठ दोन काहिली बिघडल्या होत्या. आबांनी उसाला दोष दिला, तो सगळ्यांनी मानला.

मी बघितला तो त्यांच्या बोटावरचा फोड. टम्म फुगलेला. विचारलं तर म्हणाले, कवा आला कुणास ठाऊक. मनगटावर एक फिकट चट्टाही होता, त्यावर केस नव्हते. स्पर्श, वेदना, ऊन-गार सांगणाऱ्या मज्जातंतूंची टोकं कातडीत कुठं असतात ते मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. ते घरी असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मी त्यांना अंगणात बसवलं, डोळे मिटायला लावले आणि कापसाची वात करून सांगितलं, लागलं की सांगायचं. दंडाला लावली, लागलं म्हणाले. कोपराखाली लावली, लागलं. चट्ट्यावर फिरवली, गप्प. अंगठ्यावर फिरवली, बोटांच्या टोकांवर फिरवली, गप्पच. मी हात मागे घेतला आणि वात मांडीवर ठेवून दिली.

"लागलं," आबा म्हणाले. "आत्ता लागलं."

पाकाच्या बाबतीत मालकाचीही भीड न ठेवणारा माझा बाप डोळे मिटून अंदाजानं बोलत होता. मला त्यांचा राग आला, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की मी वात उचलून पुन्हा त्यांच्या दंडाला लावली.

सांगलीच्या डॉक्टरांनी मनगटातले आणि कोपरामागचे जाड झालेले मज्जातंतू चाचपले आणि कुष्ठरोग हा शब्द हळू आवाजात उच्चारला. गोळ्यांनी रोग थांबेल, गुळातून कुणाला लागणार नाही, असंही समजावलं. आबांनी रोगाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पुढच्या हंगामापर्यंत बोटांना कळायला लागेल का, एवढंच विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, गेलेले मज्जातंतू सहसा परत येत नाहीत.

रोगाचं नाव आईनं उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. चटक्यांनी शिरा आखडल्या, असं तिनं गावात सांगितलं. मालक भले, त्यांनी आबांना घरी बसवलं नाही. पण शब्द आता दुसऱ्याचा होता, आबांच्याच हाताखाली तयार झालेल्या गड्याचा.

पुढच्या सुट्टीत मी आबांची न्याहारी घेऊन गुऱ्हाळावर गेले. काहील रंगात आली होती. गड्यानं गोळी वळली आणि मान राखायचा म्हणून ती आबांच्या हातावर ठेवली. "आवं मामा, बघा की जरा."

आबांनी ती बोटांत धरली. दाबली, फिरवली, उजेडाकडे नेली. काहील उकळत होती, सगळे थांबले होते. मी मनात म्हणत होते, काहीतरी सांगून टाका, आबा, अंदाजानं का होईना.

त्यांनी गोळी त्याला परत दिली.

"तूच बघ गड्या," ते म्हणाले. "मला आता निस्तं दिसतंय."