कूलरसमोरचं कासव

दिग्रसमध्ये कूलर दुरुस्त करणारे ढीगभर आहेत, पण वाळ्याच्या ताट्या भराव्या त्या डोमाजीनंच. साठीचा माणूस, तोंडाचा फटकळ, अन् जीव एवढुसा! कोणी कोंबडी कापायला घेतली, की हा तोंड फिरवून उभा.

फेब्रुवारीत एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोदताना कासवाची चार अंडी निघाली. तीन कुदळीनं फुटली. उरलेलं एक डोमाजीनं रुमालात बांधून घरी आणलं अन् वाळूच्या डब्यात पुरलं. "आता त्याच्यावर कोंबडी बसवता का?" त्याची बायको तुळसाबाई पोट धरून हसली. एप्रिलात डब्यात पाहतात तर काय, अर्ध्या लिंबाएवढं पिल्लू, पाठीवर पिवळ्या चांदण्या! दोघंही खुळ्यासारखे बघत राहिले.

असलं कासव पाळणं गुन्हा आहे, हे डोमाजीला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कोणाला विचारायची सोय नाही. मग घरचीच अक्कल चालवली. आपल्याकडचं ऊन काय सांगावं? पत्र्यावर हात ठेवला तर कातडी तिथंच राहते. एवढ्याशा जिवाला ते सोसणार कसं? त्यानं पिल्लाला खोलीत कूलरसमोर ठेवलं. दार बंद, खिडकीला ओला पडदा, खायला दुधात कालवलेली पोळी. ऐन सीझनमध्ये गिऱ्हाइकं बोंबलत होती, पण या नवाबाचा कूलर काही बंद झाला नाही.

महिन्याभरात पिल्लानं खाणं सोडलं. पाठ बोटानं दाबली तर दबायला लागली, भिजलेल्या पापडासारखी. लपवाछपवी गेली खड्ड्यात. डबा घेऊन तो थेट गुरांच्या डॉक्टरकडे गेला.

"ऊन दाखवता का याले?" डॉक्टरांनी विचारलं.

"उन्हात कायले ठेवीन, साहेब? जपून राह्यलो ना त्याले!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, उन्हाशिवाय कासवाची पाठ कडकच होत नाही. सकाळचं कोवळं ऊन लागते. आता माझ्या हातात काही नाही. फॉरेस्टवाल्यांकडे न्या, त्यांच्याकडे जाणकार असतात."

डोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्रभर त्यानं तुळसाबाईला एकच विचारलं, "मले कोणी सांगतलं काहून नाही?"

सकाळच्या पहिल्या एसटीनं तो निघाला. ऊन चढलं तशी सगळी बस सावलीच्या बाजूला कोंबलेली अन् डोमाजी एकटा उन्हाच्या खिडकीशी, मांडीवर उघडा डबा.

"काका, इकडं सरका, भाजून निघाल!" कंडक्टर ओरडला.

"भाजू द्या," डोमाजी म्हणाला. पिल्लानं एकदा डोळे किलकिले करून मान बाहेर काढली. डोमाजीला वाटलं, जमलं. मान मात्र परत आत गेली नाही.

वनखात्याच्या कार्यालयात दीपा नावाची वनरक्षक होती, त्याच्या पोरीच्या वयाची. डोमाजीनं डबा टेबलावर ठेवला.

"मॅडम, गुन्हा माझाच. मले आत टाका, पण आधी ह्याले डॉक्टरले दाखवा."

ती चिडूनच उठली होती. डबा उजेडात नेऊन तिनं लोंबत्या मानेला बोट लावलं, मग पायाला. राग कुठल्या कुठे गेला.

"काका, हे गेलं."

"नीट पाहा ना, माय." डोमाजी डबा तिच्याकडे सरकवत राहिला. "आता तं ऊन दिलं मी त्याले."