शिल्लक तास

हुपरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं पैंजणांना पॉलिश करून नागाप्पानं फुप्फुसं घालवली. म्हणून दोन हजार सहा साली कोल्हापुरातल्या त्याच्या घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज पंधरा तास नळी नाकाला लागली पाहिजे.

मुलानं, संगमेशनं, मशीनचा विमा उतरवायचं आधीच पक्कं केलेलं. दुकानदार वर आणि जादा वॉरंटी गळ्यात मारायला लागला तसा तो उखडला, "इमा हाय की! मग ही कशाला?"

"इमा चोरीला आन् आगीला. आतला पार्ट गेला तर इमावालं दारात उभं करत न्हाईत, पावणं."

आयुष्यात कुठल्या कागदाला बोट न लावलेली शिवलीला नवऱ्याच्या, नागाप्पाच्या, मागून म्हणाली, "घेऊन टाका. मधीच बंद पडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. घात केला तो दुकानदाराच्या पुढच्या बोलण्यानं. "तीन वर्षं किंवा दहा हजार तास, जे आधी संपंल ते," असं म्हणून त्यानं मशीनवरचं तास मोजणारं मीटर दाखवलं.

झालं! कारखान्यातला केर चाळून चांदीचा कण न् कण काढणारा माणूस तो, तास वाया घालवतोय होय? शिवलीला स्वयंपाकघरात वळली की हा बटण बंद करायचा. "बरं वाटतंय न्हवं आता, उगं तास कशाला घालवायचं?" ओठ निळे पडलेले, आणि म्हणे बरं वाटतंय! ती कडाकडा भांडायची. पण पाहुणे आले की चहा होईस्तोवर तीही बंद करायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

वर्षभरानं एका दुपारी ती दूध घेऊन परतली, तेव्हा नळी नाकाला होती आणि बटण बंद होतं. नागाप्पा गेला होता.

कार्य उरकल्यावर वॉरंटीतल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. मीटर बघून खूश झाला. "मावशी, लई जपून वापरलंय की! साडेसात हजार तास शिल्लक हायत. इकलं तर वॉरंटीसकट जाईल."

शिवलीला उठली आणि तिनं बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं, नळीतली हवा रिकाम्या खाटेवर सुटली.

संगमेश म्हणाला, "आई, बंद कर की. उगं तास जात्यात."

"जाऊ देत!" ती ओरडली. "मीच घ्यायला लावल्यात त्ये. सगळं संपू देत, मग बंद करीन."