पाच सेंटिमीटर जाडीची चेरी

अन्याय माझ्या बाबांवर झाला. फेब्रुवारीतल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी आठ ते साडेनऊच्या मध्ये, जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या आमच्या इमारतीच्या तळघरात. त्या दीड तासात घरमालक कंपनीने पाठवलेल्या तीन माणसांनी बाबांच्या चेरीच्या सहा फळ्या उचलल्या आणि ट्रकमध्ये टाकल्या. बाबा तेव्हा डॉक्टरकडे होते, आई त्यांच्याबरोबर होती, आणि मी दुसऱ्याच एका इमारतीच्या दारात उभी राहून भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं वाटत होते.

पत्रक लिहायला शिकले तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता: पहिल्या ओळीत कोण, कधी, कुठे. रडारड नंतर. म्हणून हे आधी सांगून टाकलं. आता लाकडाबद्दल. ते समजल्याशिवाय काय गेलं ते कळणार नाही, आणि "लाकूडच होतं ना?" असं विचारणारे मला पुरेसे भेटून झालेत.

बाबा मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्याहून आले आणि तीस वर्षं गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये घालवली. लोखंड सांगितलेल्या मापात राहतं, लाकूड राहत नाही, म्हणून लाकडात मजा आहे, असं ते म्हणायचे. शनिवार-रविवार ते खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, असायचे. आमच्या वाट्याची तळघरातली ती खोली एवढीशी, की बाबा आत असले की दुसऱ्याने बाहेर बोळात उभं राहून बोलायचं. माझं लहानपणीचं बरंचसं बोलणं त्या बोळात उभ्याने झालं.

आमच्या घरातलं सगळं त्यांनी केलेलं. पुस्तकांचं कपाट ओकचं. ओकशी भांडायचं नाही, हा त्यांचा नियम. लोखंडी स्क्रू लावलात तर ओक भोवती निळा-काळा डाग काढून सूड घेतो. तो डाग बाबांच्या बोटांवरही आठवडा-आठवडा राहायचा आणि आई ताट वाढताना रोज विचारायची, "अहो, हात धुतलेत ना नक्की?" बीचच्या लाकडाबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. आज्ञाधारक, पण हवा दमट झाली की फुगून बसतं, म्हणायचे. पोळपाट मात्र त्याचाच. खुर्च्या ॲशच्या. ॲश लवचिक, माणूस बसला की किंचित दबतं आणि परत येतं. इथल्या जंगलांत ते झाड बुरशीने मरत चाललंय, त्यामुळे लाकूड सहज मिळायचं. बाबा घेऊन यायचे आणि म्हणायचे, "स्वस्त मिळतंय म्हणजे मरतंय."

गणपतीत मंडळातले लोक घरी यायचे. एक काका दरवर्षी खुर्चीवर बसायच्या आधी तिच्या पाठीवर टकटक करायचे.

"सागवान का हो?"

"नाही. ॲश."

"म्हणजे काय?"

"इथलं झाड आहे. कुदळी-फावड्यांचे दांडे करतात त्याचे."

"अरेरे! एवढी मेहनत करून दांड्याचं लाकूड?"

"तुम्ही बसा तर खरं," बाबा म्हणायचे. "तुम्हाला पेललं तर कुणालाही पेलेल."

काका हसायचे आणि बसायचे. पुढच्या वर्षी परत टकटक. आपल्या लोकांना सागवानाच्या पुढे झाडंच माहीत नाहीत, अशी बाबांची तक्रार होती. सागवानाला ते नावं ठेवत नव्हते. पण इथे राहायचं आणि लाकूड ब्रह्मदेशातलं मागवायचं, कुणी कुठून तोडून आणलंय ते न विचारता, हे त्यांना पटत नव्हतं. त्याबाबतीत मी त्यांचीच मुलगी.

आणि सगळ्यांत लाडकं लाकूड चेरी. ताजं कापलेलं चेरी फिकट गुलाबी असतं आणि उजेडात हळूहळू लालसर, मग मधासारखं गडद होत जातं. मी एकोणीस वर्षांची असताना बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बागेतलं मोठं झाड वादळात पडलं, हायडेलबर्गजवळच्या उतारावर. बाबांनी खोड लाकूड कापायच्या मिलमध्ये नेऊन पाच सेंटिमीटर जाडीच्या फळ्या काढून घेतल्या. त्यांचं टेबल होणार होतं. आठ जणांचं. माझ्यासाठी, माझं स्वतःचं घर होईल तेव्हा.

हवेवर लाकूड वाळायला सेंटिमीटरला एक वर्ष लागतं. पाच सेंटिमीटर, पाच वर्षं. "तोवर तुझं शिक्षण होईल," बाबा म्हणाले. मी विचारलं होतं, भट्टीत वाळवलेलं का घेत नाही? "चांगलं असतं तेही. पण मला कुठे घाई आहे?"

फळ्या तीन मीटरच्या, आमच्या खोलीत मावेनात. म्हणून बोळाच्या भिंतीलगत रचल्या, जिथून गरम पाण्याचे पाइप जातात. दोन फळ्यांमध्ये हवा खेळावी म्हणून बारीक पट्ट्या. टोकांना मेण, म्हणजे तडा जात नाही. त्याच खोडाचा एक छोटा तुकडा फळ्यांवर ठेवलेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा तो तुकडा वर घरात आणून आईच्या वजनकाट्यावर ठेवायचे आणि वहीत आकडा लिहायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

"अहो, मला पीठ मोजायचंय."

"एक मिनिट. वजन होतंय."

"पाच वर्षं थांबणार ते, दहा मिनिटं थांबेल की."

तिसऱ्या वर्षी बाबांचा उजवा अंगठा हलायला लागला. आधी म्हणाले, चहा जास्त होतोय. चहा कमी केला. मग डॉक्टरने नाव सांगितलं. पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात. त्या रविवारीही बाबांनी तुकडा वर आणला, वजन केलं, आणि आकडा मला लिहायला लावला. म्हणाले, "आता दोन आलेख आहेत. एक लाकडाचा, एक हाताचा. कुठला आधी तळाला जातो ते बघायचं." हे त्यांनी ब्रेकफास्टच्या टेबलवर, ब्रेडला लोणी लावता लावता सांगितलं, आणि लोणी नीट लागत नव्हतं. येत्या सप्टेंबरमध्ये लाकूड तयार झालं असतं. हात तोवर टिकतील असं डॉक्टरला वाटत होतं. बाबांनाही वाटत होतं.

आता माझ्याकडे येते.

गेल्या शरद ऋतूत शेजारच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. कुणी मेलं नाही, पण जुन्या गाद्या आणि सायकलींनी बोळ भरलेला होता, आणि खाली कपडे धुवायला गेलेल्या एका म्हातारीला धुरात दार सापडेना. तिला अग्निशमनवाल्यांनी उचलून बाहेर काढलं. ती इमारतही आमच्याच घरमालक कंपनीची. आमच्या भाडेकरू गटाने मोहीम काढली आणि पत्रक मी लिहिलं. पाच मागण्या होत्या: आग अडवणारी दारं, धूर ओळखणारी यंत्रं, जुन्या वायरिंगची दुरुस्ती, चालणारे दिवे. आणि पाचवी, माझ्या शब्दांत: "बोळातली प्रत्येक वस्तू ताबडतोब हटवा." पहिली सही बाबांची होती. वाकडी आली म्हणून त्यांनी खाली छापील अक्षरांत नाव पुन्हा लिहिलं.

जानेवारीत आमच्या जिन्यात नोटीस लागली. अमुक तारखेपर्यंत बोळ रिकामे करा, नाहीतर आम्ही करू. बाबा नोटिशीसमोर बराच वेळ उभे होते.

"हलवायला हवं का गं ते?"

"काही नको. तुमचं नाव लावा त्यावर. मालक माहीत असलेल्या वस्तूला ते न विचारता हात लावू शकत नाहीत."

"नक्की?"

"बाबा, हेच करते ना मी दिवसभर?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले आणि वर गेले. त्यांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या अक्षरांत जर्मनमध्ये चिठ्ठी लिहिली: चेरी, पाच सेंटिमीटर, वाळत आहे, कृपया हलवू नये, फोन करा. खाली नंबर. प्लास्टिकच्या पाकिटात घालून फळीच्या टोकाला टाचली. इथे चिठ्ठी लावली की लोक वाचतात, यावर त्यांचा तीस वर्षांचा विश्वास. कायदा माझ्या बाजूने आहे, यावर माझा.

फोन कुणीच केला नाही.

मी कंपनीच्या ऑफिसात गेले तेव्हा गेल्या गेल्या आवाज चढवला. टेबलापलीकडची बाई माझ्याहून फार मोठी नव्हती. तिने ऐकून घेतलं, एक फाइल उघडली आणि माझंच पत्रक माझ्यासमोर सरकवलं. पाचवी मागणी पिवळ्या पेनने रंगवलेली होती.

"प्रत्येक वस्तू," ती म्हणाली. "तुम्हालाच हवं होतं ना?"

"त्यावर नाव होतं. नंबर होता."

"नाव सायकलींवरही होतं. आल्झो, मग आम्ही फरक कसा करायचा?"

मी पत्रक परत तिच्याकडे सरकवलं आणि ट्रकवाल्यांचा नंबर मागितला. बाहेर येऊन त्या नंबरावर फोन केला. तिथला माणूस भला निघाला. लाकूड त्याच दिवशी बारीक तुकडे करून जाळायला एका बॉयलरला गेलं, म्हणाला. "चेरी होतं? तरीच वास चांगला होता."

बाबांना हे मी सांगितलं. बॉयलरचं नव्हतं सांगायचं, पण त्यांनी विचारलं. ते खुर्चीत बसले होते आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला होता. आई एकदम म्हणाली, "तुझी पत्रकं आणि ह्यांची लाकडं! एकमेकांशी बोलायचं नाही का तुम्ही दोघांनी?" बाबा म्हणाले, "वाट मोकळी हवीच होती. तिने बरोबर लिहिलं होतं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अन्याय कुणी केला याची यादी करायला घेतली तर कंपनी पहिली आहे आणि दुसरी मी, आणि आमच्या दोघींत अंतर फार नाही.

मार्चमध्ये मी भट्टीत वाळवलेली चेरीची एक फळी विकत आणली. छोटी, चहाच्या टेबलापुरती. बाबांनी तळहात फिरवला, टोकावरच्या रेषा वाचल्या. "झाड सावलीत वाढलंय," म्हणाले. खाली गेलो. मी बोळात उभी, ते आत. त्यांनी रंधा धरला. पहिला हात बरा गेला. दुसऱ्याला पातं रुतलं आणि फळीतून लांब ढलपी उपसून आली. त्यांनी जागा बदलली, श्वास घेतला, पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. मी म्हटलं, मी धरते, तुम्ही सांगा. त्यांनी मला दाटीवाटीने आत घेऊन रंध्याच्या मागे उभं केलं आणि माझ्या हातांवर हात ठेवले, आणि त्यांचा कंप माझ्या मनगटांतून रंध्यात उतरला. थोड्या वेळाने ते बाजूला झाले. "आता नको. राहू दे."

डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात आजार झपाट्याने वाढला. लाकूड गेल्यामुळे का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. सप्टेंबरपर्यंत हात टिकलेच नसते, असंही असेल. हे मला कधीच कळणार नाही. टेबल होणार नाही, एवढं कळलंय.

आणि बाकीच्या चार मागण्या? दारं नाहीत. यंत्रं नाहीत. वायरिंगला कुणी हात लावलेला नाही. दिवे पूर्वीसारखेच फडफडतात. पाचातली फुकटातली एक कंपनीने पूर्ण केली आणि तिच्या वेबसाइटवर स्वच्छ रिकाम्या बोळाचा फोटो आहे. गटाने मला पुढचं पत्रक लिहायला सांगितलंय. मी बसते, कोण-कधी-कुठे लिहिते, आणि मागण्यांपाशी येऊन थांबते.

म्हणून मागणी आता कंपनीकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या जिन्यात अशी नोटीस लागली असेल तर आज खाली उतरा. कायदा काय म्हणतो ते नंतर बघा. जे जे पडलेलं दिसेल ते कुणाचं आहे, ते दार वाजवून विचारा. प्रत्येक दार. आणि ज्याच्याच्याने उचलवत नसेल, त्याचं तुम्ही उचलून आपल्या घरात आणून ठेवा, ट्रक यायच्या आत.

उठा.