अर्थावरचा अंगठा

माझे धाकटे दीर कादंबरीकार आहेत. विटेला लाजवतील अशा जाडीच्या कादंबऱ्या. नायक पहिल्या प्रकरणात खुर्चीवरून उठायचं ठरवतो आणि चौथ्यात उठतो. मी एकही पुरी वाचलेली नाही. माझ्या जावेनेही नाही, पण ती बिचारी नवऱ्यासमोर तसं बोलत नाही.

या माणसाला आयुष्यभर एकच ध्यास. आपल्या आडनावाचं विशेषण व्हावं आणि ते शब्दकोशात जावं. थोरांचं होतं म्हणे! मी कोशाच्या कचेरीत संपादक, म्हणजे वशिला घरातच.

"वहिनी, एवढी एक नोंद घ्या. अर्थ मी देतो लिहून. गहन, भव्य."

"भावोजी, शब्द लोकांच्या तोंडी असावा लागतो. तेही एकमेकांना न ओळखणाऱ्या."

लगेच शिष्यमंडळी लेखालेखांतून ते विशेषण पेरायला लागली. सगळे भावोजींच्याच दिवाणखान्यात चहा ढोसणारे. मी ते लेख केराच्या टोपलीत टाकले.

मग आमचा बाइंडर एका फुगलेल्या गठ्ठ्याकडे बघून चक्क तेच विशेषण बोलला.

"म्हणजे काय रे?"

"जाडजूड, पण आत भुसा. त्या कादंबरीवाल्यांची पुस्तकं बांधून बांधून पडलेला शब्द आहे, बाई." मग माझं आडनाव आठवून त्याने जीभ चावली.

पुढे दवाखान्यात ऐकला, न सरकणाऱ्या रांगेबद्दल. बँकेत ऐकला, साहेबाच्या भाषणाबद्दल. शब्द ठणठणीत जिवंत होता. नियमाने घ्यायलाच हवा. तरी घरचा मामला म्हणून नोंद दिरांपुढे ठेवली: 'लांबण लावलेला, पोकळ. एका कादंबरीकाराच्या आडनावावरून.'

"हरकत असेल तर या आवृत्तीत थांबवते. एकदाच विचारतेय."

जाऊ रडवेली झाली. "अहो, नको म्हणा ना! हेच आडनाव मीही लावते. चारचौघांत तोंड कसं दाखवू?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटच्या ओळीवर बोट फिरवत म्हणाले, "इथे माझं पूर्ण नाव नाही का बसणार?"

"नाही."

"बरं. छापा."

आता घरी कुणी आलं की कोश टेबलावर येतो. तो आपोआप त्याच पानावर उघडतो. स्वारी व्युत्पत्ती खणखणीत आवाजात वाचते. जाऊ तेवढ्यात चहाच्या निमित्ताने आत पळते. आणि अर्थावर गृहस्थांचा अंगठा घट्ट दाबलेला असतो.