अर्जेंटिनाचा चौथा भाऊ

अर्जेंटिना हा देश मी नकाशात पाहण्याआधी जात्यावर गायला, आणि तोही मीच रचलेल्या ओव्यांत. पुढे मी मास्तरीण झाले, मुलींना भूगोल शिकवू लागले. दक्षिण अमेरिकेचं पान आलं की फळ्यावर लिहायला मी खडू एखाद्या मुलीच्या हातात द्यायची. मुलींना वाटायचं, बाई कौतुकानं देतात. कौतुक कसलं, माझा हात चालत नसे.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणत असू, सतराव्या वर्षी मेडशीच्या सासरहून मंगरूळला माहेरी परत आली ती कपाळ पुसून. मेहुण्यांना पटकी झाली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. चार महिने झाले नाहीत तोच तिचा सासरा गाडी घेऊन दारात. "पोरगा गेला म्हणून सून थोडीच गेली? घरात भाकरी टाकाले कोणी नाई," असं तो ओसरीवर बसून म्हणाला, जणू आमच्याकडे विसरलेलं घमेलं परत न्यायला आला होता. मेडशीला काय चालायचं ते अक्कानं कधी सांगितलं नाही. तिच्या डाव्या दंडावर तापल्या चिमट्याचा डाग होता. तो मी ती न्हात असताना पाहिला होता आणि मला पाहताना तिनं पाहिलं होतं.

आमचे बाबा शेतकरी माणूस, पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर पिकवणारे. वाईट नव्हते. हात मात्र जड होता त्यांचा, आणि एकदा उठला की मोजून थांबणारा नव्हता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मुलींच्या शाळांना मास्तरणी मिळत नाहीत, सातवी पास असलेल्या विधवेला सरकार अमरावतीला ट्रेनिंगला घेतं, राहण्याजेवण्याची सोयही करतं. अक्का लग्नाआधी पाच वर्ग शिकलेली. बाबांनी व्याह्याला सरळ सांगितलं, "एक वर्ष थांबा. पोरगी सातवी पास झाली तं अमरावतीले जाईन. नाई झाली तं तुमची गाडी आना, मी सोता बसवून देतो." सासरा हसला आणि पान खाऊन गेला.

म्हणजे अक्कापुढे दोनच वाटा होत्या, अमरावती नाहीतर मेडशी. हे मला तेव्हाही चांगलं कळत होतं. लहान होते, काय कळणार, असं मी आज म्हणू शकत नाही.

आईला हे शिकणं पटलं नव्हतं. विधवा पोर पुस्तक घेऊन ओसरीवर बसली तर शेजारच्या बाया काय म्हणतील, ही तिची काळजी. त्यामुळे पुस्तक माझ्या हाती आणि जात्याचा खुंटा अक्काच्या हाती, अशी वाटणी झाली. दुपारी जेवणं झाली की अक्का तूर भरडायला बसायची. मी पाचवीत होते. समोर फतकल घालून सातवीचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. तिला गणित यायचं, इतिहास एकदा ऐकला की पाठ. पण परदेशांच्या याद्या काही केल्या राहायच्या नाहीत. अर्जेंटिना कोणते जिन्नस बाहेरून आणतो आणि त्याचा व्यापार मुख्यतः कोणाशी चालतो, हे मी तिला आठ दिवस वाचून दाखवलं. नवव्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "गहू." गहू तर तो देश बाहेर पाठवत होता. मी पुस्तक जात्यावर आपटलं. रागीट मी तेव्हापासूनच.

तीच म्हणाली, "ओवी कर ना माय. ओवी मी नाई भुलत."

ओवीत एक बरं असतं. बहीण सासरी असते, तिला भाऊ असतो आणि तो सणाला काहीतरी घेऊन येतो. एकदा हे धरलं की अर्जेंटिना सोपा झाला. तो देश म्हणजे बहीण. त्याच्याशी व्यापार करणारे देश म्हणजे तिचे भाऊ. आणि बाहेरून येणारे जिन्नस म्हणजे भावांनी आणलेलं. मी एका दुपारी तीन ओव्या केल्या.

पयला भाऊ इंग्रज, आणते कापड कोळसा,
बहिणीच्या दारी त्याच्या जहाजाचा वळसा.

दुसरा भाऊ अमेरिकन, मोटारीतून आला,
लोखंडी यंत्रांचा त्यानं ढीग केला.

तिसरा भाऊ जर्मन, कमी त्याचं बोलणं,
रंगाच्या पुड्या अन् औषधाचं देणं.

अक्काला त्या इतक्या आवडल्या की तिनं त्या दिवशी पायलीभर तूर जास्त भरडली. पण तीनवर थांबायला ती तयार नव्हती. तीन भाऊ आमच्याकडे कुणी गात नाही, अशुभ मानतात. "चौथा पाहिजे," ती म्हणाली. पुस्तकात चौथा नव्हता. माझ्याजवळ मात्र होता.

त्या हिवाळ्यात माझे डोळे आले होते, म्हणून बाबा मला कापसाच्या गाडीवर बसवून कारंज्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. कापूस आधी अडत्याकडे, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडे उतरवायचा होता. "गाडीखाली पाय ठेवला तं तंगडं तोडीन," असं मला बजावून बाबा वजनकाट्याकडे गेले. पुरुषांच्या त्या गर्दीत मुलीच्या जातीनं उतरायचं नाही, असा दंडक होता. मी उतरले. तहान लागली होती, आणि नसती लागली तरी उतरलेच असते. अडतीच्या मागच्या खोलीत फाटकंतुटकं बारदान, म्हणजे तागाची रिकामी पोती, रचून ठेवलेलं होतं. त्याच्या आडोशाला बसून मी ऐकलं. अडत्या कुणाला तरी सांगत होता, "यंदा बारदान कुठून देऊ? कलकत्त्याचं सारं बारदान जहाजात भरून अर्जेंटिनाले चाललं. तिथं गेहूँ लय पिकला, भराले बोरी नाई त्याहिच्याजवळ." बाबा परतायच्या आत मी गाडीवर होते.

म्हणून मी चौथी ओवी केली.

चौथा भाऊ हिंदुस्थान, गरीब बिचारा,
पाठीवर घेऊन आला बारदानाची गाठ.

अक्का दोनदा म्हणून पाहत राहिली. "हे जुळत नाई वो."

"राहू दे. खरं हाये."

"पुस्तकात हाय?"

"खरं हाये म्हणलं ना मी."

तिनं पुढे विचारलं नाही. मी खोटं बोलत नाही असा तिचा माझ्याबद्दल समज होता. तूर संपेपर्यंत तिनं चारही ओव्या गायल्या.

सातवीची परीक्षा वाशीमला झाली. लेखी तिनं चांगली दिली. भूगोल तोंडी होता. आतल्या खोलीत तिघे पुरुष, मधोमध शाळाखात्याचे साहेब. बाबा अंगणात लिंबाखाली, आणि मी खिडकीच्या गजाला धरून. साहेबांनी नद्या विचारल्या, डोंगर विचारले, तिनं सांगितलं. मग त्यांनी अर्जेंटिनाची आयात विचारली.

अक्काचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. मला पाठमोरी दिसत होती तरी मी ओळखलं, तिनं जातं सुरू केलं होतं. ओठातल्या ओठात तिचा सूर लागला आणि खोलीतल्या एकानं तोंडावर रुमाल धरला. पांढऱ्या लुगड्यातली बाई साहेबापुढे ओवी गुणगुणते, असं त्यांनी कधी पाहिलं नसेल. तरी तिनं तिघांचं सगळं बरोबर सांगितलं. कापड, कोळसा, मोटारी, यंत्रं, रंग, औषधं. आणि मग म्हणाली, "न् हिंदुस्थानातून बारदान."

"पुस्तकात तीन देश आहेत," साहेब म्हणाले. आवाज कडक नव्हता. "तीनच म्हणा, आपण पुढे जाऊ."

"चार हायेत सायेब."

"कोणी सांगितलं?"

"माह्या बहिणीनं."

"काय शिकली आहे बहीण?"

"पाचवीत हाय."

मग तिघेही हसले. साहेबांनी हसू आवरून पुन्हा विचारलं, हिंदुस्थान काढता का? अक्का म्हणाली, "नाई." पुढचे पाच-सहा प्रश्न तिनं ऐकले की नाही देव जाणे, एकालाही उत्तर दिलं नाही. खिडकीबाहेर मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते, म्हण ना तीन, तुझं काय जातं? आणि त्याच वेळी तिनं तीन म्हटलं नाही याचा मला अभिमानही वाटत होता. इतकी मूर्ख मी.

साहेब बाहेर येऊन बाबांशी बोलले. मी जवळच होते, शब्दन्‌शब्द ऐकला. बाकी सगळ्यात पास आहे, भूगोलात जाते आहे, आणि ते त्या एका गोष्टीवरून अडलं, असं ते म्हणाले. "मुलगी हट्टानं सांगते म्हणजे कुठेतरी असेल. पुस्तक असेल तर दाखवा, नाहीतर एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याकडून लिहून आणा. आठ दिवसांत आणलंत तर पुन्हा तोंडी घेतो."

घरी पोचल्यावर बाबांनी मला समोर उभं केलं. मागे दारात अक्का होती.

"ते बारदानाचं कुठून आनलं तू?"

एवढंच सांगायचं होतं, कारंज्याच्या अडतीत. बाबा दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपून गेले असते. अडत्यानं दोन ओळी खरडून दिल्या असत्या. पण मला त्यांचा हात दिसत होता. गाडीखाली उतरल्याचा मार, आणि पुरुषांत जाऊन बसल्याचा वेगळा.

"कुठून नाई," मी म्हटलं. "यमक जुळत नव्हतं, म्हणून मनानं टाकलं."

बाबांनी एक थप्पड मारली. एकच. सगळं सांगितलं असतं तर चार बसल्या असत्या. तीन थपडा वाचवल्या मी.

अक्का दारातून आत गेली. उरलेले आठ दिवस तूर भरडत होती, ओव्या मात्र म्हणत नव्हती. नवव्या दिवशी मेडशीची गाडी आली. बाबांनी शब्द दिल्याप्रमाणे तिला स्वतः बसवून दिलं.

पुढे मी सातवी पास झाले. बाबांनी लग्नाआधी मलाच अमरावतीला पाठवलं, कारण तोवर त्यांना त्या सोयीची सगळी माहिती झाली होती, ती नुसत्या विधवांसाठी नव्हती. लढाई सुरू झाली होती, घासलेट मिळत नव्हतं. तिथल्या कपाटात एक जाडजूड व्यापारी भूगोल होता. एका दुपारी सहज उघडला. अर्जेंटिना. आयात. सुती कापड, कोळसा, यंत्रं आणि मग, हिंदुस्थानातून तागाची पोती.

सुट्टी लागताच पुस्तक मागून घेतलं आणि मेडशीला गेले. अक्का परसात जात्यावर होती. केस पिकू लागले होते, पंचविशीही झाली नव्हती. तिच्या दंडांकडे मी या वेळी पाहिलंच नाही. तिच्यासमोर शेजारची एक मुलगी बसली होती आणि दोघी गात होत्या. पयला भाऊ इंग्रज, दुसरा भाऊ अमेरिकन. अर्जेंटिना कोण हे त्या मुलीला माहीत नसणार, पण ओवी तिला पाठ होती. चौथा आला नाही. त्याच्या जागी कुठल्याशा देवाचं नाव होतं. मला पाहून अक्का हसली. "पयला न् तिसरा आता लढून राह्यले म्हनतात. खरं हाय काय?"

मुलगी पाणी आणायला गेली तेव्हा मी पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिनं तुरीच्या चुरीनं माखलेलं बोट लुगड्याला पुसलं, आणि ओळीवरून फिरवत वाचलं. मग मी सगळं सांगितलं. कारंजा, अडत, पोत्यांचा आडोसा, बाबांचा हात.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"यमकासाठी नाई टाकलं तू. त्या एका ओवीलेच तं यमक नव्हतं."

"मंग तेव्हा बाबाले काहून नाई सांगितलं?"

"काय सांगू? तू कुठं ऐकलं ते मले थोडीच मालूम. ते तुलेच मालूम होतं." तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "मी वाट पाह्यली ना. आज सांगन, उद्या सांगन. आठ दिवस होते. गाडीत बसल्यावर बी पाह्यलं तुह्याकडं."

मुलगी पाणी घेऊन आली. अक्कानं जात्यात तुरीची मूठ टाकली आणि खुंटा धरला.